अकरा हजार सहाशे चाळीस

दगड आधी कोरून घ्यायचा आणि मग घरच्यांना मजकूर विचारायचा, ही थोरल्याची जुनी पद्धत. लग्न ठरवून झाल्यावर त्याने आईला मुलगी दाखवली होती आणि फ्लॅट घेऊन झाल्यावर बायकोला फ्लॅट. त्यामुळे बुधवारी दुपारी जेवणं आटोपल्यावर त्याने टेबलावर एक छापील कागद ठेवला आणि कुणाला काही सुचवायचं असेल तर मोकळ्या मनाने सुचवा म्हणाला, तेव्हा ते कुणी फारसं मनावर घेतलं नाही.

कागदावर लिहिलं होतं: ‘आपल्या कुशल हातांनी ११,६४० प्राण वाचवणाऱ्या कर्नल-सर्जनांच्या स्मृतीस.’ त्याखाली नाव, पदव्या, पदकं. दगड काळा, अक्षरं सोनेरी. येत्या रविवारी लष्करी इस्पितळातल्या नव्या शस्त्रक्रिया विभागाला कर्नलांचं नाव द्यायचं होतं आणि हा दगड त्याच्या दाराशी बसायचा होता. दगडाशेजारी काचेची पेटी आणि पेटीत कर्नलांची शेवटची वही, शेवटचं पान उघडं ठेवून.

कर्नल जाऊन सव्वा वर्ष झालं होतं. घरात त्यांना सगळे कर्नलच म्हणत. मुलं म्हणत, सून म्हणे, आणि हुद्दा मिळाला त्या दिवसापासून आईही म्हणायला लागली. त्याआधी ती त्यांना काय म्हणायची, हे आता तिलाही आठवत नव्हतं.

ताईने कागद उचलला. ताई वकील. समोर आलेला कागद दोष काढल्याशिवाय खाली ठेवला तर तिला चुकल्याचुकल्यासारखं होतं.

"कुशल हातांनी कशाला?" ती म्हणाली. "शस्त्रक्रिया हातांनीच करतात. पायांनी करणारा कुणी असेल तर लिहा."

थोरला म्हणाला, सोनेरी अक्षराला सोन्याचाच वर्ख लागतो आणि तो लावून झालाय. ताईने कागद खाली ठेवला. तिला खरं तर हातांशी काही कर्तव्य नव्हतं. रविवारी भाषण थोरला करणार होता आणि ताईला नुसतं मानपत्र घ्यायला उभं राहायचं होतं, हे तिला डाचत होतं. भाषण वहिनीने लिहून दिलं होतं. वहिनी शाळेत मुख्याध्यापिका असल्यामुळे ते आठ पानी होतं आणि परिच्छेदांना क्रमांक होते.

राहिला धाकटा. रविवारी त्याने गाड्यांचं बघायचं होतं. पाहुण्यांच्या गाड्या कुठे लावायच्या, ब्रिगेडियरसाहेबांची कुठे, याकडे घरचं कुणीतरी हवंच, असं थोरल्याने फार गोड शब्दांत समजावलं होतं. खरं कारण सगळ्यांना ठाऊक होतं. अशा ठिकाणी कुणीतरी हमखास विचारतं, "अरे वा, तुम्हीही डॉक्टर का?" आणि धाकटा हमखास म्हणतो, "हो, जनावरांचा." त्यावर जे हसू पसरतं ते थोरल्याला सोसत नाही. कर्नलांनाही सोसत नसे. ते लोकांना सरळ सांगत, धाकटा शेतीखात्यात आहे.

"हा आकडा कुठून आला?" धाकट्याने विचारलं. त्याला उत्तर माहीत होतं, तरी विचारलं.

"वहीतून. शेवटच्या पानावरून," थोरला म्हणाला. "कर्नलांचा आकडा आहे, माझा नाही."

वही टेबलाच्या मधोमध होती, पांढऱ्या कापडात गुंडाळलेली. कर्नल गेल्यापासून ती थोरल्याच्या कपाटात कुलपात होती आणि आजही हात धुतल्याशिवाय तिला कुणी शिवायचं नव्हतं. अशा चौदा वह्या होत्या. चाकरीच्या पहिल्या दिवसापासून केलेली प्रत्येक शस्त्रक्रिया कर्नलांनी त्यांत उतरवली होती. क्रमांक, तारीख, वय, स्त्री की पुरुष, काय केलं, सर्जन कोण, सहायक कोण, निकाल काय. आणि एक रकाना कुठल्याच इस्पितळात नसतो असा: गाठ. मोठ्या रक्तवाहिनीला दोरा ज्याने बांधला, त्याने टेबलाशी उभं राहून मोठ्याने म्हणायचं, "गाठ माझी." मग ते त्याच्या नावाने लिहिलं जायचं. पुढे ती सुटली तर कुणाची होती यावर वाद नको. कॅप्टन असो, मेजर असो, खुद्द कर्नल असोत, नियम एकच.

आणि वहीत खोटं नाही, ही तर या घराची इस्टेट होती. एका जनरलचा पुतण्या मांडीचं हाड मोडून आला होता. कर्तव्यावर असताना जखमी, एवढं लिहावं, अशी वरून विनंती आली. कर्नलांनी लिहिलं, दारू पिऊन खुर्चीवरून पडला. म्हणून कर्नल शेवटपर्यंत कर्नलच राहिले, ब्रिगेडियर झाले नाहीत. ही गोष्ट या टेबलावर इतक्या वेळा सांगितली गेली होती, की त्या पुतण्याने काय प्यायली होती हेही मुलांना पाठ झालं होतं.

"शेवटच्याऐवजी पहिलं पान उघडं ठेवू या का?" धाकटा म्हणाला. "शाई चांगली आहे त्यावर."

"पहिल्या पानावर आकडा काय? अकरा हजार एकशे नव्वद," थोरला म्हणाला. "मधली साडेचारशे माणसं काय वाऱ्यावर सोडायची?"

साडेचारशे माणसं. धाकट्याने पाण्याचा ग्लास उचलला आणि रिकामा आहे हे कळूनही तोंडाला लावला.

कर्नल दोन वर्षं आधीच सेवेतून बाहेर पडले ते तत्त्वापायी, असं घरात समजलं जाई. खाजगी इस्पितळांनी पायघड्या घातल्या, पण पैशासाठी सुरी धरणार नाही असं कर्नल म्हणाले. वहिनीच्या भाषणात याला दीड पान होतं. त्यापुढे वहिनीने स्वतः लावलेला शोध होता. कर्नलांचं अक्षर असं की औषधवाल्यानेही हात टेकावेत. पण आकडे मात्र लख्ख. वहिनीने भिंग घेऊन वयाचा रकाना वाचला होता. सेवेतून बाहेर पडल्यावरच्या चारशे अठ्ठावीस नोंदींत वयं होती तीन, पाच, सात, दोन, चार. म्हणजे लहान मुलं! म्हणजे कर्नल गुपचूप गोरगरिबांच्या लेकरांवर फुकट शस्त्रक्रिया करत होते! हे वाचताना वहिनीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि तिने तिथे कंसात ‘थोडे थांबावे’ असं लिहून ठेवलं होतं.

खरी गोष्ट अशी, की कर्नलांचा उजवा हात थरथरायला लागला होता. ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. एका मंगळवारी ते धाकट्याच्या दवाखान्यात आले. छप्पर गळतंय का बघायला आलो, म्हणाले. उन्हाळा होता. टेबलावर एक कुत्री पोट उघडून पडलेली आणि धाकटा एकटाच झगडत होता. कर्नल पाच मिनिटं बघत राहिले. मग म्हणाले, "आकडा असा धरतात?" कोट काढला, सात मिनिटं मोजून हात धुतले, समोर येऊन उभे राहिले आणि जखम उघडी धरायचा आकडा डाव्या हातात घेतला. उजवा टेबलाखाली ठेवला. त्या दिवसापासून नऊ वर्षं, दर मंगळवारी. घरी सांगत, माजी अधिकाऱ्यांच्या वाचनालयात जातो. बगलेत एक जाडजूड पुस्तक असे आणि त्यातली खूण नऊ वर्षांत पान एकोणीसच्या पुढे सरकली नाही.

"घरात बोलायचं नाही," हे पहिल्याच दिवशी बजावून झालं होतं. ज्याला जन्मभर शेतीखात्यात घातला, त्याच्या समोर आकडा धरून उभा राहतो हे कर्नल सांगणार तरी कुठल्या तोंडाने? धाकट्याने शब्द दिला. त्याची काही तक्रार नव्हती. त्याला वडील मिळाले ते वयाच्या एकतिसाव्या वर्षी, मंगळवारी तीन ते सहा. कर्नल शिव्या घालत, टाक्यांना नावं ठेवत, कात्री कुठे ठेवलीस म्हणून अंगावर येत. नऊ वर्षांत ते दोनदा "बरं" म्हणाले. ते दोन्ही दिवस धाकट्याला तारखेसकट माहीत होते.

मग तो शेवटचा मंगळवार. सात वर्षांची कुत्री, गर्भाशय पुवाने भरलेलं. धाकट्याने दोरा बांधला आणि नियमाप्रमाणे म्हणाला, "गाठ माझी." दोन तासांनी कुत्रीचे ओठ पांढरे पडले. पोट पुन्हा उघडलं तर आत रक्ताचं थारोळं. गाठ सुटली होती. कुत्री गेली. कर्नलांनी अंगावरचा झगा काढला, घडी घातली, काही न बोलता निघून गेले आणि पुन्हा आले नाहीत. तीन महिन्यांनी हृदयाच्या झटक्याने गेले. त्या तीन महिन्यांत धाकटा आठ-दहा वेळा घरी आला. कर्नल त्याच्याशी हवापाण्यावर बोलले.

तो मंगळवार शेवटच्या पानावर होता. तिथे ‘निकाल: मृत्यू’ आणि ‘गाठ: धाकटा’ लिहिलेलं असणार, कारण वहीत खोटं नव्हतं. ते पान आता काचेखाली, दिव्याच्या उजेडात, जगातल्या सगळ्या सर्जनांनी वाचायला म्हणून ठेवायचं होतं. आणि बाहेर धाकटा गाड्या लावणार होता. गेलं सव्वा वर्ष त्याने ती वही एकदा बघू दे असं थोरल्याला म्हटलं नव्हतं. धाडसच होत नव्हतं.

चारच्या ठोक्याला बेल वाजली. वही न्यायला इस्पितळातून मेजर आल्या. पस्तिशीच्या, गणवेशातल्या, स्वतः सर्जन. चहा नको म्हणाल्या आणि आईने आणला तेव्हा घेतला. त्यांना ज्यांनी शिकवलं, त्यांना कर्नलांनी शिकवलं होतं, त्यामुळे त्या जणू आजेसासरी आल्यासारख्या खुर्चीच्या टोकावर बसल्या होत्या. ‘गाठ माझी’ आम्हीही म्हणतो, असं त्यांनी सांगितलं. थोरल्याने कापडाची घडी उलगडून वही त्यांच्यापुढे सरकवली आणि अक्षराबद्दल माफी मागितली. मेजर हसल्या.

"आमच्या सरांचं ह्याहून वाईट आहे. मला वाचता येतं," त्या म्हणाल्या.

धाकट्याच्या तोंडचं पाणी पळालं.

पहिली पानं मेजरनी चवीने वाचली. एके ठिकाणी ‘चूक माझी’ असं कर्नलांनी स्वतःबद्दल लिहिलं होतं, ते त्यांनी थोरल्याला दाखवलं. थोरल्याने ते बघितल्यासारखं केलं. मग अकरा हजार दोनशे बारा मागे पडला. मेजरनी एक पान उलटलं, दुसरं उलटलं, पुन्हा पहिल्यावर आल्या. चेहऱ्यावरचं हसू हळूहळू पुसलं गेलं.

"ह्या शस्त्रक्रिया कुठे झाल्या?" त्यांनी विचारलं.

थोरला याच प्रश्नाची वाट बघत होता. कर्नल स्वतः कधी बोलले नाहीत, पण आम्हाला कळलंय, असं त्याने आवाज खाली आणून सांगितलं. गोरगरिबांची लेकरं. एक छदामही घेतला नाही. कुठल्या इस्पितळात, असं मेजरनी विचारलं. इस्पितळ कसलं, असेल कुठेतरी एखादी खोली, थोरला म्हणाला. भूल कोण देत होतं? ते काही माहीत नाही, पण कर्नलांना कुणाची गरज लागत नसे. बोलेल तितका तो खोल चालला होता आणि चेहऱ्यावर मात्र तेज चढत होतं.

मेजरनी कप बाजूला ठेवला.

"वय तीन, स्त्री," त्यांनी वाचलं. "गर्भाशय आणि दोन्ही अंडाशयं काढली. पुढच्या मंगळवारी, वय चार, स्त्री. तेच. त्याच्या पुढच्या मंगळवारी, वय दोन. तेच." त्यांनी वर बघितलं. "एका वर्षात अशा बावीस मुली आहेत. साहेब, हे मला वर कळवावं लागेल."

वहिनीच्या हातात भाषण होतं. ते तिने उलटं करून मांडीवर ठेवलं. ताईने सवयीने हात वर केला आणि कुणीही एक शब्द बोलू नका म्हणाली.

बोलायचं ते एकट्या धाकट्यालाच ठाऊक होतं. गप्प बसला तर शब्द पाळला जाणार होता, आणि कर्नल रविवारपर्यंत लहान मुली चिरणारे राक्षस ठरणार होते. बोलला तर सगळी वही उघडी पडणार, शेवटच्या पानासकट. पण विचार करायला तसं काही नव्हतंच.

"त्या कुत्र्या होत्या," धाकटा म्हणाला.

मग त्याने सगळं सांगितलं. छप्पर, मंगळवार, वाचनालय, थरथरणारा हात. सांगताना तो टेबलाकडे बघत होता. मेजरनी तोंडावर हात धरला, आणि त्या रडतायत की हसतायत हे त्यांनाही लवकर ठरवता येईना.

थोरला मात्र उठून खिडकीपाशी गेला. हात थरथरत होता हे मला का सांगितलं नाही, असं त्याने दोनदा विचारलं, आणि दुसऱ्यांदा विचारताना त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला. चाळीस वर्षं हा माणूस कर्नलांचा उजवा हात म्हणून मिरवला होता, आणि खऱ्या उजव्या हाताचा त्याला पत्ता नव्हता. धाकट्याला पहिल्यांदाच त्याची दया आली. पण ती फार वेळ टिकू देईल तर तो थोरला कसला. मागे वळला तो तोड घेऊनच. निवृत्तीनंतरची पानं काढून टाकायची. बाकी वही ठेवायची. दगडावरचा आकडा कोण मोजायला बसलंय?

आणि ताई चक्क त्याच्या बाजूने गेली! ज्या दोघांचं गेल्या बारा वर्षांत पडद्याच्या रंगावरही एकमत झालं नव्हतं, ती दोघं खांद्याला खांदा लावून उभी राहिली. वही खाजगी मालमत्ता आहे, वारसांना पानं काढता येतात, असं ताईने सांगितलं. त्या दगडावर कुत्र्या-मांजरांची बेरीज आहे असं बाहेर फुटलं तर तिच्या अशिलांना तोंड कसं दाखवायचं? उद्या बार असोसिएशनमध्ये लोक तिला बघून भुंकतील.

"पानं फाडलेली वही मी नेणार नाही," मेजर म्हणाल्या. त्यांचा आवाज शांत होता. "आणि राग मानू नका, पण दगडावर प्राण वाचवले असं आहे. ह्या वहीत मृत्यूही आहेत. कर्नलांनी एकही लपवलेला नाही. तुमच्या दगडाने ते सगळे जिवंत केलेत."

एवढ्यात वहिनीने वही स्वतःकडे ओढली. हात न धुता. तीन वर्षांपूर्वीच्या तारखा ती बोटाने शोधत होती, आणि एका ओळीवर बोट थांबलं तेव्हा तिने मेजरना वाचायला सांगितलं. वय पाच, पुरुष, लघवीचा मार्ग खड्याने बंद, मोकळा केला, बरा.

"हा आमचा बोका," वहिनी म्हणाली.

तो बोका कर्नलांना डोळ्यांसमोर नको असायचा. त्याला त्यांनी एकदाही दिवाणखान्यात पाऊल टाकू दिलं नव्हतं. आजारी पडला तेव्हा मेला तर मेला, दुसरा आण, असं वहिनीला तोंडावर म्हणाले होते, आणि वहिनी त्यांच्याशी पंधरा दिवस बोलली नव्हती. धाकट्याने सांगितलं, की कर्नल त्या बोक्यासाठी दोन दिवस तासातासाला फोन करायचे. एकच प्रश्न असायचा, झाली का? आणि झाली म्हटल्यावर फोन ठेवून द्यायचे.

वहिनीने मांडीवरचं भाषण उचललं, गोरगरिबांच्या लेकरांची दोन पानं शांतपणे वेगळी केली आणि चार तुकडे करून थोरल्यापुढे ठेवली.

"पानंच फाडायची असतील तर ही फाडा," ती म्हणाली. "वहीला हात लावाल तर रविवारी मी येणार नाही. आणि बाकीचं भाषण तुम्हाला माझ्याशिवाय वाचता येणार नाही, ते माझ्या अक्षरात आहे आणि माझं अक्षर फक्त मला लागतं."

थोरला मटकन खाली बसला. ताईने लगेच बाजू बदलली नाही, पण पानांचं कायद्याने तसं गुंतागुंतीचंच आहे, असं काहीतरी पुटपुटली.

आई इतका वेळ चष्मा पुसत होती. तिने तो डोळ्यांवर चढवला.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "पँटवर केस असायचे. पहिल्यांदा वाटलं, बाई आहे. मग म्हटलं, इतक्या रंगांचे आणि इतके आखूड केस असलेली बाई कोण असेल? वास घेतला आणि जिवात जीव आला." तिने धाकट्याकडे बघितलं. "बोलले नाहीत, म्हणून मीही विचारलं नाही. मंगळवारी खुशीत असायचे. पण शेवटी जायचं बंद का केलं रे त्यांनी? एका मंगळवारी आले ते जेवले नाहीत. मला वाटलं माझ्या भाजीत मीठ जास्त पडलं. तीन महिने मी बेतानेच मीठ घालत होते."

आता लपवण्यात काही अर्थ उरला नव्हता. सगळ्यांनी काचेतून वाचण्यापेक्षा आईने त्याच्यासमोर ऐकलेलं बरं.

"शेवटचं पान वाचा," धाकटा मेजरना म्हणाला. "मोठ्याने."

मेजरनी पान काढलं. "अकरा हजार सहाशे चाळीस. वय सात, स्त्री. गर्भाशयात पू. गर्भाशय काढलं. सर्जन..." त्या थांबल्या. "सर्जन: धाकटा. सहायक: स्वतः."

धाकट्याला वाटलं त्या चुकून दुसऱ्या रकान्यात गेल्या. नऊ वर्षं तो आपल्याच दवाखान्यात सहायकासारखी बोलणी खात आला होता. कर्नल वहीत सर्जन म्हणून स्वतःलाच लिहीत असणार, यात त्याला कधी शंका आली नव्हती, आणि त्याचं वाईटही वाटलं नव्हतं. मेजरनी मागची पानं भराभर चाळली; मघाशी वय आणि शस्त्रक्रिया यांपलीकडे त्यांचं लक्षच गेलं नव्हतं. सगळीकडे तेच होतं. चारशे अठ्ठावीस वेळा सर्जन धाकटा आणि सहायक स्वतः. ज्या माणसाने लोकांना कधी सांगितलं नाही, त्याने ते दर मंगळवारी घरी येऊन लिहून ठेवलं होतं.

"पुढे वाचा," धाकटा म्हणाला. "निकाल आणि गाठ."

"निकाल: मृत्यू. गाठ सुटली." मेजरनी डोळे बारीक केले. "गाठ: स्वतः."

"नाही," धाकटा म्हणाला. "नीट बघा."

मेजरनी वहीच त्याच्याकडे फिरवली. वरच्या सगळ्या ओळींत त्या रकान्यात धाकटा, धाकटा, धाकटा असं उतरत आलं होतं. शेवटच्या ओळीत अक्षरं आणखीच वेडीवाकडी होती, थरथरत्या हाताची, पण शब्द स्पष्ट होता.

"गाठ माझी होती," धाकटा म्हणाला. "मी मोठ्याने म्हणालो होतो. त्यांनी ऐकलं होतं, मान हलवली होती. त्यांना त्या हाताने दोरा धरता येत नव्हता हो. नऊ वर्षांत त्यांनी एक गाठ बांधली नाही." तो आईकडे वळला. "मला वाटलं, माझ्यावर रागावून यायचे बंद झाले. तीन महिने मी त्यांच्यासमोर बसून पाऊस कधी पडणार ते बोलत होतो."

आणि त्याला रडू फुटलं. एक्केचाळीस वर्षांचा माणूस, परक्या बाईसमोर, जेवणाच्या टेबलावर डोकं टेकून रडला. ताई उठून त्याच्या मागे उभी राहिली आणि काय करावं न सुचून त्याची कॉलर सरळ करू लागली.

थोरला वहीवर वाकला. त्याने ती ओळ स्वतः वाचायचा प्रयत्न केला, बोट ठेवून, एकेक अक्षर जुळवत. मग तो आईकडे बघत म्हणाला, "म्हणजे कर्नलांनी वहीत खोटं लिहिलं?"

"एकदाच," आई म्हणाली.